दोन्ही टाचा टेकल्या नाहीत तर?

"दोन्ही टाचा जमिनीला टेकत नसतील तर मोटारसायकल घेऊ नको." आमच्या जळगाव-पाचोरा भागात बुटक्या पोरापोरींना हेच ऐकवतात. ते खरं नाही. थांबताना डावा पाय टेकायचा, उजवा मागच्या ब्रेकवर. एका पायाचा चवडा नीट टेकला की पुरे.

नुसती सीटची उंचीही बघू नका. स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटर, बजाजच्या ॲव्हेंजरची ७३७. पण स्प्लेंडरचं वजन ११२ किलो, ॲव्हेंजरचं दीडशेच्या वर. माझी पाच फुटी भाची स्प्लेंडर आरामात वळवते, कारण सीट पुढून अरुंद आहे आणि गाडी हलकी.

सीट खाली यावी म्हणून शॉकअप (धक्के झेलणारे स्प्रिंग) खाली करून घेऊ नका, गतिरोधकावर इंजिन घासतं. त्यापेक्षा जाड, न घसरणाऱ्या तळव्याचे बूट घ्या. आणि हेल्मेट स्वतःच्या मापाचंच, भावाचं नको!