बीगल वाडीत मोकळा का सोडू नये?

"बीगल कुंपणाच्या दगडी गडग्यावरून पळाला, तुम्ही येऊन हाक मारा, तुमचे ऐकतो" असे फोन आमच्या श्वान-वसतिगृहात वारंवार येतात आणि मग आमची दोन माणसे अर्धा दिवस कलमांच्या बागा पालथ्या घालतात. खरे सांगायचे तर अशा वेळी तो आमचेही ऐकत नाही.

बीगल ही ससा वासावरून हुडकण्यासाठी इंग्लंडमध्ये जोपासलेली कुत्र्यांची जात आहे. कुत्र्यांची टोळी माग काढत पुढे धावायची आणि शिकारी पायी मागून यायचे, अशी रीत असल्यामुळे मागे वळून धन्याकडे पाहण्याची सवय तिच्यात कोणी रुजवलीच नाही. मुंगसाचा ताजा वास लागला की हाक कानावर पडूनही त्याला उमगत नाही. परतल्यावर मारल्यास पुढच्या वेळी तो हाती लागायचेच टाळतो.

उंची 13 ते 16 इंच असली, तरी जांभ्याचा गडगा त्याला अडवत नाही. तो चिऱ्यांवर पाय देऊन चढतो, नाहीतर खालून उकरतो. त्याच चिऱ्यांच्या सांदीत फुरसे हा विषारी साप असतो आणि बीगलचे नाक तिथे सर्वांत आधी जाते. दंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये; त्याला न चालवता, उचलून तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे.

मालकाने लेखी परवानगी दिली तरी कुंपणाबाहेर आम्ही दोरी सोडत नाही. काहींना हा अतिरेक वाटतो, पण हरवलेल्या बीगलचा शोध आम्हीच घेतलेला आहे. गळपट्ट्यातून तो मान काढून घेतो, म्हणून छातीचा हार्नेस आणि 5 मीटरची दोरी वापरावी. दोन्ही आमच्याकडे कुत्र्याचे माप घेऊनच दिली जातात. मनसोक्त हुंगण्यासाठी आमचे जाळीबंद आवार संध्याकाळी माफक शुल्कात, मुक्कामी नसलेल्या कुत्र्यांनाही खुले असते.

मुलांशी त्याचे उत्तम जमते. एकटा ठेवल्यास मात्र हेल काढून रडतो. खादाड असल्याने आंब्याच्या कोयी आणि फणसाच्या आठळ्या गिळतो व त्या आतड्यात अडकतात. पावसात भिजल्यावर लोंबते कान आतून कोरडे करावेत.

गणपतीत आणि मे महिन्यात जागा लवकर भरतात. येताना लसीकरणाचे कार्ड आणि त्याच्या अंथरुणातले न धुतलेले कापड आणावे. घरचा वास जवळ असला की पहिल्या रात्री तो कमी रडतो.