पिल्लू दिसतच नाही? – कॉर्न स्नेकसाठी पेटी घेणाऱ्यांना

पेटी घरी नेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतो. “अहो, साप आत आहे ना नक्की? दिसतच नाही.” आत असतो. कागदाच्या घडीत, पाण्याच्या भांड्याखाली, नाहीतर तळाशी पसरलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या भुशात) बोटभर खोल. आम्ही साप विकत नाही. पेट्या बनवतो, हाइड (सापाला लपायची डबी) आणि थर्मोस्टॅट (तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र) बसवून देतो. पण पिल्लू आजारी आहे की नुसतं लाजतंय, हा प्रश्न फिरून आमच्याकडेच येतो, म्हणून आता पेटीसोबत हे पत्रकही देतो.

आधीच सांगून टाकतो: लपून बसलेलं पिल्लू बहुतेक वेळा ठणठणीत असतं. आम्हाला जास्त काळजी वाटते ती दिवसभर काचेला नाक घासत फिरणाऱ्या पिल्लाची. ते ‘ॲक्टिव्ह’ नसतं, बाहेर पडायची वाट शोधत असतं.

ते लपतं कशासाठी

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. न्यू जर्सीपासून खाली फ्लोरिडापर्यंत पाइनची रानं, माजलेली शेतं, पडकी कोठारं ही त्याची घरं. मक्याच्या कोठारात उंदरांमागे येतो म्हणून ‘कॉर्न’ असं कुणी सांगतं, तर पोटावरची काळी-पांढरी चौकट मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून, असं कुणी. अंड्यातून निघालेलं पिल्लू २० ते ३५ सेंटिमीटर लांब, जाडीला जेमतेम पेन्सिलीएवढं. आई अंडी घालून केव्हाच निघून गेलेली असते. विष नाही, अंगात जोर नाही, आणि बगळा, ससाणा, रॅकून, शिवाय साप खाणारा किंग स्नेक, सगळ्यांच्या तोंडात मावेल असा आकार. अशा जिवाने उजेडात फिरायचं कशाला? सुटलेल्या सालीखाली किंवा ओंडक्याखाली दिवस काढायचा आणि अंधार पडला की बाहेर यायचं, हे ते जन्मतः जाणतं. आईबाप, आजे-पणजे पेटीत वाढलेले असले तरी ही खोड जात नाही.

तुमचा हात वरून येतो तेव्हा त्याच्या लेखी तो ससाणाच असतो. मग ते शेपटी थरथरवतं, मान इंग्रजी ‘एस’सारखी वळवून झेप घेतं, घाण वासाचा स्राव सोडतं. कोरड्या कागदावर त्या शेपटीचा आवाज चांगला खडखडतो. चावलंच तर ओरखडा उठेल, साबणाने धुवा, झालं. त्याला राग आलेला नसतो, पिल्लू घाबरलेलं असतं. वयाबरोबर बहुतेकांचं हे सुटतं.

दोन हाइड का घ्यायला लावतो

हे दुकानदाराचं गणित नाही. जागा नसेल तर दुसरी हाइड पुठ्ठ्याच्या डबीला भोक पाडून घरीच करा, पण करा.

सापाला अंगची ऊब नसते. पोटातलं अन्न जिरवायला त्याला उबदार बाजूला जावं लागतं, तापला की थंड बाजूला यावं लागतं. आमच्या पेटीत हीट मॅटच्या (विजेवर तापणाऱ्या चटईच्या) बाजूला २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २४ ठेवायला सांगतो ते यासाठी. आता हाइड एकच आहे आणि ती थंड बाजूला आहे असं धरा. पिल्लापुढे दोनच वाटा उरतात: उबेसाठी उघड्यावर बसायचं किंवा आडोशाला थंडीत राहायचं. लाजाळू पिल्लू दर वेळी आडोसा निवडतं. खाल्लेलं जिरत नाही, दोन-तीन दिवसांनी ओकून टाकतं आणि आम्हाला फोन येतो की पिंकी (खायला दिलेलं उंदराचं नवजात पिल्लू) खराब होती. पिंकी बरी असते. हाइड चुकीच्या जागी असते.

हाइड मोठीही नको. वेटोळं घातल्यावर अंग सगळ्या बाजूंनी टेकलं पाहिजे, तरच त्याला सुरक्षित वाटतं. आत शिरून हात-पाय पसरता येतील असा महाल आपल्याला आवडतो, आणि त्याला तर हातपायच नाहीत.

पेटीचंही तसंच. पहिल्या वर्षी ४५ ते ५० सेंटिमीटर लांबीची पुरते. मोठी पेटीच हवी असेल तर देऊ, पण मग ती पानं, सालीचे तुकडे, नळकांडी यांनी गच्च भरा. पिल्लाला धास्ती मोकळ्या मैदानाची असते, लांबीची नव्हे. झाकण मात्र नीट लागतंय ना ते रोज बघा. जिथून डोकं जातं तिथून अख्खं पिल्लू जातं.

कुठे लपलंय ते पाहा

उबेच्या बाजूला दोन दिवस आणि मग थंड बाजूला, अशी ये-जा असेल तर सगळं ठीक. कायम थंड टोकाला चिकटलेलं असेल तर मॅट जास्त तापतेय. थर्मोस्टॅटचा सेन्सर सरकलाय का बघा. मॅटवरून हलतच नसेल तर पेटी गार आहे. पाण्याच्या भांड्यात बुडून बसत असेल तर दोन शंका: उकाडा, नाहीतर खवल्यांत शिरलेले बारीक काळे किडे, म्हणजे माइट. पांढऱ्या टिश्यू पेपरवर ठेवलं की किडे उठून दिसतात.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये खोलीच ३६-३८ अंशांवर जाते. तेव्हा मॅट बंद असूनही पेटी भट्टी होते. पेटी जमिनीवर, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा. डिसेंबरात याच्या उलट. रात्री मॅट चालू हवी आणि वीज गेली तर पेटीवर गोधडी, हवेची भोकं सोडून.

फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्हीचा स्पीकर यांच्यावर पेटी नको. सापाला बाहेर कान नसला तरी जमिनीतली थरथर जबड्याच्या हाडातून त्याला चांगली कळते. गणपतीत ढोल-ताशाचं पथक खालून जातं त्या दिवसांत पिल्लू आठवडाभर दिसलं नाही तर घाबरू नका. पेटीखाली जाड फोम घाला आणि त्या आठवड्यात खायला देऊ नका.

पहिले काही आठवडे

आणल्यावर पाच-सात दिवस पाणी बदलण्यापलीकडे काही करू नका. पाहुण्यांना दाखवणं, स्टेटसला फोटो, सगळं पुढे. मग एक गोठवलेली पिंकी, पूर्ण वितळवून कोमट केलेली, संध्याकाळी हाइडच्या तोंडाशी ठेवून पेटीवर कापड टाका. बघत बसू नका. तरी खाल्लं नाही तर छोट्या, भोकं पाडलेल्या डबीत पिल्लू आणि पिंकी रात्रभर ठेवून डबी पेटीतच राहू द्या. बऱ्याच लाजाळूंचं पहिलं जेवण असंच होतं. पुढे ५ ते ७ दिवसांनी एक. सलग तीन जेवणं पचली की हातात घ्यायला सुरुवात करा. बाजूने, पोटाखाली हात घालून, पाच मिनिटं. जेवणानंतर दोन दिवस नाही. ओकलं असेल तर दहा-बारा दिवस काही देऊ नका, नंतर आधीपेक्षा लहान पिंकी द्या.

डोळे निळसर-दुधी झाले म्हणजे कात टाकायची तयारी. तेव्हा त्याला धड दिसत नाही, म्हणून ते जास्त लपतं, खात नाही, चिडकंही होतं. हाइडमध्ये ओलसर टिश्यू ठेवा. कात अखंड निघाली का बघा, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट.

आणि दूध ठेवू नका. नागपंचमीला आजींनी आग्रह केला तरी.

हे लाजणं नव्हे

तोंड उघडून श्वास, नाकातोंडाशी फेस किंवा बुडबुडे, मान आकाशाकडे वळून राहणं, कातडीला सुरकुत्या, दोनदा ओकणं, किंवा वजन घटत जाणं. यातलं काहीही दिसलं तर आम्हाला नको, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांना फोन करा. सगळेच बघत नाहीत, तेव्हा असे डॉक्टर पिल्लू आणण्याआधीच शोधून ठेवा. वजनासाठी ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, सोनारांकडे असतो तसा. दर आठवड्याला, जेवण देण्याआधी, दर वेळी त्याच एका डबीत ठेवून वजन करा.

एक जाता जाता. ‘असाच दिसणारा’ साप अंगणात सापडला, तोही पेटीत ठेवू का, असं विचारणारे भेटतात. ठेवू नका. तो बहुधा आपल्याकडचा ‘तस्कर’ जातीचा साप असतो. भारतातले रानातले साप धरून पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. वन विभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे, तिथे कळवा.

पेटीबद्दल आम्हाला फोन कराल तेव्हा दोन्ही हाइडच्या आतलं तापमान, शेवटचं जेवण कधी झालं आणि गेल्या तीन आठवड्यांची वजनं लिहून जवळ ठेवा. पिल्लू शोधायला हाइड उचलू नका. फोन संध्याकाळी सातनंतर चालेल. त्या वेळी तेही जागं असतं.