झाकारपात्यात कारखाना काढायचा तर: पात्रता, कागदपत्रं आणि त्यांचा क्रम

युक्रेनच्या पश्चिम टोकाला, कार्पेथियन डोंगर ओलांडल्यावर जो कोपरा लागतो तो झाकारपात्या. क्षेत्रफळ सुमारे 12,800 चौरस किलोमीटर, त्यातलं निम्म्याहून जास्त जंगल. राजधानी कीव सुमारे 800 किलोमीटर लांब, तर स्लोव्हाकियातलं कोशित्से जेमतेम 100. पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि रुमानिया या युरोपीय संघातल्या चार देशांना भिडणारा युक्रेनचा हा एकमेव प्रांत. मराठी घरांत या भागातलं एक नाव आधीपासून माहीत आहे, ते उझहोरोद. आपल्याकडची कितीतरी मुलं तिथल्या विद्यापीठात वैद्यकीय शिकायला होती, आणि 2022 च्या मार्चमध्ये चोप या सीमेवरच्या स्थानकावरून हंगेरीतल्या झाहोनीला उतरून परतली.

उद्योगाच्या बाबतीत प्रांताचे दोन भाग पडतात. पूर्वेला राखिव, त्याचिव आणि खुस्त तालुके म्हणजे डोंगर, लाकूडकाम आणि पर्यटन. पश्चिमेला उझहोरोद, मुकाचेवो, बेरेहोवे यांची मैदानी पट्टी. कारखाने जवळजवळ सगळे याच पट्टीत: उझहोरोदजवळ जेबिल आणि याझाकी, मुकाचेवोत फ्लेक्स, सोलोमोनोवोत मोटारींची जुळणी करणारा युरोकार. गाड्यांच्या वायर-हार्नेसपासून (तारांच्या जुडग्यांपासून) इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत बहुतेक माल युरोपातल्या कारखान्यांसाठी बनतो. युरोपीय संघाबरोबरचा मुक्त व्यापार करार 2016 पासून लागू आहे, आणि 1 ऑक्टोबर 2022 पासून युक्रेन सामायिक ट्रान्झिट व्यवस्थेतही आहे, म्हणजे एकाच सीमाशुल्क कागदावर माल अनेक देश ओलांडतो. चोपला रुळांची रुंदी बदलते, 1520 मिलिमीटरवरून 1435. म्हणजे एक तर डब्यांची चाकं बदला, नाहीतर माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरा. चोप ते उझहोरोद हा युरोपीय रुंदीचा लोहमार्ग सप्टेंबर 2025 मध्ये सुरू झाला.

हे चित्र आकर्षक आहे, पण धोका विसरून आकडेमोड करू नये. हा प्रांत युद्धात बराच काळ सुरक्षित मानला जात होता, म्हणून 2022 मध्ये पूर्वेकडचे अनेक कारखाने इथे हलवले गेले. ऑगस्ट 2025 मध्ये मुकाचेवोतल्या फ्लेक्सच्या कारखान्यावरच क्षेपणास्त्रं पडली. युद्धजोखमीच्या विम्याचा खर्च प्रकल्प अहवालात पहिल्याच पानावर धरा.

आधी भारतातली कामं

बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो. युक्रेनमध्ये कंपनीची नोंदणी कायद्याने 24 तासांत होते, सुट्टीचे दिवस सोडून. तिथवर पोचायला लागणारे कागद मात्र आपल्याकडेच अडकतात.

संस्थापक भारतीय कंपनी असेल तर तिचं नोंदणी प्रमाणपत्र, युक्रेनमध्ये कंपनी काढण्याचा संचालक मंडळाचा ठराव, मालकीची रचना दाखवणारा तक्ता आणि तिथल्या वकिलाच्या नावे मुखत्यारपत्र लागतं. संस्थापक व्यक्ती असेल तर पासपोर्ट आणि मुखत्यारपत्र पुरतं. भारत आणि युक्रेन दोघेही अपोस्टिल करारात आहेत (अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा शिक्का), त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्याची वेगळी फेरी नाही. वैयक्तिक कागद नोटरीनंतर राज्य शासनाच्या साक्षांकनातून, व्यापारी कागद चेंबर ऑफ कॉमर्सच्या शिक्क्यातून, आणि मग दोन्ही परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलला जातात. भाषांतर युक्रेनियनमध्ये, आणि तेही अपोस्टिल झाल्यावर. आधी भाषांतर करून घेतलं तर अपोस्टिलचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि तिथला नोटरी कागद परत देतो.

नावाकडे विशेष लक्ष द्या. युक्रेनियनमध्ये आपला ‘ह’ दोन वेगळ्या अक्षरांनी लिहिता येतो. ‘महेश’ एका भाषांतरकाराने एका अक्षराने लिहिला आणि दुसऱ्याने दुसऱ्या, की कर क्रमांकावरचा महेश आणि मुखत्यारपत्रावरचा महेश बँकेच्या लेखी दोन माणसं होतात. दुसरी गोची वडिलांच्या नावाची. मराठी माणसाच्या पासपोर्टवर ते बहुधा ‘दिलेलं नाव’ या रकान्यातच असतं, आणि युक्रेनच्या फॉर्ममध्ये पितृनामाला स्वतंत्र रकाना असतो. एका कागदावर वेगळं काढलं तर सगळ्यांवर काढा, नाहीतर कुठेच काढू नका. पहिल्या भाषांतरातलं नाव कागदावर लिहून ठेवावं आणि पुढच्या प्रत्येक भाषांतरकाराला तेच द्यावं.

पैसे पाठवण्याआधी आपल्या बँकेतून विदेशी गुंतवणुकीचा फॉर्म एफसी भरून युनिक ओळख क्रमांक घ्यावा लागतो. 2022 च्या विदेशी गुंतवणूक नियमांनुसार हा क्रमांक आधी, रक्कम नंतर. भारतीय कंपनीला निव्वळ मूल्याच्या 400 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. व्यक्तीला परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत योजनेखाली (एलआरएस) वर्षाला अडीच लाख डॉलर. नंतर बँक गुंतवणुकीचा पुरावा म्हणून शेअर सर्टिफिकेट मागते. युक्रेनच्या मर्यादित कंपनीत शेअर सर्टिफिकेट नसतंच, हिस्सा सरकारी नोंदवहीत लिहिलेला असतो. नोंदवहीचा उतारा भाषांतरासह चालेल का, हे आपल्या बँकेकडून आधीच लेखी घ्या.

कंपनी, आणि संचालकाचा पेच

परदेशी गुंतवणूकदार बहुतेक ‘तोव’ काढतात, म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी मर्यादित जबाबदारीची कंपनी. एक संस्थापक चालतो, किमान भांडवलाची अट नाही, आणि जाहीर केलेलं भांडवल नोंदणीपासून सहा महिन्यांत भरायचं असतं. क्रम असा:

1. संस्थापक व्यक्ती आणि होणारा संचालक, दोघांसाठी करदाता क्रमांक. पासपोर्टचं नोटरी केलेलं भाषांतर लागतं, वकील मुखत्यारपत्रावर अर्ज करू शकतो.
2. संस्थापकांचा ठराव, ‘स्तातुत’ म्हणजे कंपनीचं घटनापत्र (शासनाचा नमुनाही वापरता येतो), मालकीची रचना आणि अंतिम लाभार्थी मालकाच्या ओळखपत्राची प्रत. हे सरकारी निबंधक किंवा नोटरीकडे द्यायचं.
3. नोंदणी झाली की बँक खातं आणि मूल्यवर्धित कराची नोंदणी.

अंतिम लाभार्थी मालक म्हणजे साखळीच्या शेवटी असलेली खरी माणसं. भारतात दोन-तीन कंपन्यांच्या आडून हिस्सा ठेवलेला असेल तर प्रत्येक पायरी तक्त्यात दाखवावी लागते. ‘आमची होल्डिंग कंपनी आहे’ एवढ्यावर अर्ज नाकारला जातो.

आता पेच. परदेशी नागरिकाला तिथल्या कंपनीचा संचालक व्हायला वर्क परमिट लागतं, तो कायमचा रहिवासी असल्याशिवाय. वर्क परमिटचा अर्ज मात्र कंपनीनेच करायचा असतो, आणि कंपनी अजून जन्मलेलीच नसते. म्हणून सुरुवातीला युक्रेनच्या नागरिकाला संचालक नेमतात, परमिट आलं की बदलतात. या हंगामी संचालकाची सही बँकेत चालते, त्यामुळे घटनापत्रातच त्याच्या अधिकारांना कुंपण घालावं: ठराविक रकमेवरचे करार संस्थापकांच्या लेखी संमतीशिवाय नाहीत. नमुना घटनापत्र घेतलं तर हे कलम आपल्या मनासारखं लिहिता येत नाही. चार पैसे वाचतात आणि डोकेदुखी येते. आपण स्वतःचंच लिहावं.

परमिट आल्यावर डी व्हिसा, म्हणजे दीर्घ मुदतीचा, आणि तिथे पोचल्यावर ‘पोसविद्का’, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याचं कार्ड. कंपनीतला हिस्सा एक लाख युरो किंवा जास्त असेल तर गुंतवणूकदार म्हणूनही पोसविद्का मिळते. युक्रेनचं हवाई क्षेत्र फेब्रुवारी 2022 पासून बंद आहे; त्यामुळे बुडापेस्ट किंवा कोशित्सेमार्गे जावं लागतं, आणि डी व्हिसा हातात असून शेंगेन व्हिसा नसला तर उपयोग शून्य. तोही किमान दोन प्रवेशांचा घ्या. एकाच प्रवेशाचा घेतला तर परतताना सीमेवर अडकाल.

जमीन: इथे सीमा आडवी येते

सीमा जवळ म्हणून माल लवकर जातो. तीच सीमा जमिनीच्या व्यवहारात आडवी येते. शेतजमिनीचा बाजार युक्रेनने 1 जुलै 2021 रोजी आपल्या नागरिकांसाठी उघडला. परदेशी व्यक्तींना आणि परदेशी हिस्सा असलेल्या कंपन्यांना ती विकत घेता येत नाही. तो प्रश्न सार्वमतावर ठेवला आहे. शिवाय सीमेपासून 50 किलोमीटरच्या आतली शेतजमीन सार्वमत झालं तरी त्यांना मिळणार नाही. नकाशावर पट्टी ठेवून बघा: उझहोरोद, मुकाचेवो, बेरेहोवे, म्हणजे जवळजवळ सगळं मैदान या 50 किलोमीटरच्या आत येतं. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तिथेच थांबा.

राहिले दोन मार्ग: बिगरशेती जमीन, किंवा भाडेपट्टा. आपल्या सातबाऱ्यासारखा तिथे भू-नोंदवहीचा उतारा मिळतो, त्यात जमिनीचा ठरलेला वापर लिहिलेला असतो. ‘उद्योग’ नसेल तर वापर बदलून घ्यावा लागतो. आपल्याकडे एनए करून घेण्यात जे होतं तेच तिथे होतं: काम स्थानिक परिषदेच्या मतावर आणि नियोजन आराखड्यावर अडतं. बयाणा देण्याआधी उतारा बघा.

औद्योगिक उद्यान: खरा फायदा आणि त्याच्या अटी

म्हणून नवख्याने मोकळ्या जमिनीमागे लागण्यापेक्षा औद्योगिक उद्यानात जावं. मूळ कायदा 2012 चा, करसवलती 2022 मध्ये जोडल्या. उद्यान अर्थव्यवस्था मंत्रालयाच्या नोंदवहीत असलं पाहिजे. फलकावर ‘पार्क’ लिहिलं म्हणून सवलत मिळत नाही. झाकारपात्यात सोलोमोनोवोचं नाव बराच काळ घेतलं जातं, तरी अर्ज करण्याच्या दिवशी नोंदवही उघडून खात्री करा.

पात्रतेसाठी युक्रेनमध्ये नोंदलेली कंपनी हवी, आणि ती उद्यान असलेल्याच स्थानिक हद्दीत नोंदलेली. लोक कंपनी कीवमध्ये नोंदवतात आणि मग पत्ता बदलण्यात वेळ घालवतात. व्यवसाय उत्पादन, कचरा प्रक्रिया, संशोधन किंवा माहिती तंत्रज्ञान यांपैकी असावा. दुकानदारी चालत नाही, आणि आक्रमक देशाशी, म्हणजे रशियाशी, मालकीचा संबंध असलेल्या कंपन्या बाद. उद्यानाच्या व्यवस्थापन कंपनीकडे प्रकल्पाची संकल्पना, कामगारांची आणि विजेची गरज मांडून करार करायचा, मग सहभागी म्हणून नोंद होते.

सवलती: 18 टक्के नफा करातून 10 वर्षं सूट, आणि स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या नव्या, न वापरलेल्या यंत्रांवर आयात शुल्क आणि 20 टक्के मूल्यवर्धित कर माफ. अट अशी की करातून सुटलेला पैसा उद्यानातला उद्योग वाढवण्यातच लावायचा. पुण्या-चाकणच्या कारखान्यातली जुनी लेथ हलवून नेण्याचा बेत असेल तर सीमाशुल्क पूर्ण भरावं लागेल.

गुंतवणूक 1 कोटी 20 लाख युरोंच्या वर असेल तर वेगळा दरवाजा आहे, 2020 चा ‘लक्षणीय गुंतवणूक’ कायदा. 2023 पर्यंत ही मर्यादा 2 कोटी होती. प्रकल्प पाच वर्षांत पूर्ण, आणि रोजगाराच्या तीनपैकी एका गणितात बसला पाहिजे: 10 जागा सरासरीपेक्षा 50 टक्के जास्त पगारावर, 30 जागा 30 टक्के जास्तवर, किंवा 50 जागा 15 टक्के जास्तवर. सरकारी मदत गुंतवणुकीच्या 30 टक्क्यांपर्यंत. यात मंत्रिमंडळाशी विशेष करार होतो, त्यामुळे घाई असेल तर हा मार्ग नको.

माणसं आणि पैसा परत आणणं

माणसं मिळणं ही झाकारपात्याची जुनी अडचण, शेजारच्या देशांतले पगार ओढून नेतात. त्यात 25 वर्षांवरच्या पुरुषांना लष्करी भरती लागू. कारखान्याला ‘अत्यावश्यक’ दर्जा मिळाला तर भरतीयोग्य कामगारांपैकी साधारण निम्म्यांना सूट मिळते, आणि त्यासाठी पगार किमान वेतनाच्या ठराविक पट (2025 मध्ये अडीच पट) असण्याचीही अट आहे. पगाराचा आराखडा करतानाच हा आकडा धरा. मालकाला त्यावर 22 टक्के सामाजिक योगदान भरावं लागतं.

भांडवल पाठवताना बँकेच्या ‘उद्देश’ रकान्यात घटनापत्राप्रमाणे भागभांडवलात परदेशी गुंतवणूक असं स्पष्ट लिहा. फक्त ‘बिझनेस पेमेंट’ लिहिलं तर पुढे लाभांश बाहेर नेताना हा पैसा मुळात गुंतवणूक म्हणून आला होता, हे सिद्ध करत बसावं लागतं. युद्धकाळात युक्रेनच्या राष्ट्रीय बँकेने पैसा बाहेर नेण्यावर बंधनं घातली. मे 2024 पासून 2024 आणि पुढच्या नफ्यावरचा लाभांश महिन्याला 10 लाख युरोंच्या मर्यादेत नेता येऊ लागला. हे नियम वारंवार बदलतात. भारत-युक्रेन कर करारानुसार 25 टक्क्यांहून कमी हिस्स्याला लाभांशावर 15 टक्के कर कापला जातो, 25 टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या कंपनीला 10. कमी दरासाठी भारतातलं कर-रहिवास प्रमाणपत्र त्याच वर्षाचं द्यावं लागतं.

शेवटी एक किरकोळ वाटणारी गोष्ट. बेरेहोवे आणि आसपास लोक अजूनही घड्याळ हंगेरीच्या वेळेवर ठेवतात, कीवच्या एक तास मागे. सरकारी कार्यालय कीवच्या वेळेवर चालतं. जमीनमालकाने ‘दहाला या’ म्हटलं आणि नोटरीनेही ‘दहाला या’ म्हटलं, तर कुणाचे दहा ते फोनवर विचारून घ्या.