होडीवरची सरळ रेघ: मास्किंग टेपच्या आधी आणि नंतर

होडीला वार्निश किंवा रंग देताना कडेला टेप लावायची पद्धत आज इतकी रुळली आहे, की ती होडीबांधणीइतकीच जुनी वाटते. मास्किंग टेपचा जन्म मात्र मोटारींच्या रंगकामातून, १९२५ साली झाला. होडीच्या कामाला ती पुरती जुळायला बरीच दशकं गेली. दुकानात पिवळसर, निळी आणि हिरवी टेप वेगवेगळ्या किमतींना का मिळते, हे त्या मधल्या काळात रंग कसकसे बदलले ते पाहिलं की लक्षात येतं.

टेप नव्हती तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या लाकडी नौकांवर पाणरेषा, म्हणजे होडी पाण्यात जिथवर बुडते ती रेघ, कोरलेली असे. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, आणि मागच्या टोकापाशी एकेक सरळ फळी पाणसळीत आडवी ठोकायची. दोन्ही फळ्यांच्या वरच्या कडांवरून दोरी ताणायची आणि ती हळूहळू आत सरकवत न्यायची. दोरी होडीच्या अंगाला जिथे टेकेल तिथे खूण करायची. दोरी मधल्या फुगवट्याला आधी टेकते, म्हणून एकेक बाजूचं टोक वेगवेगळं सरकवावं लागे. खुणांवर बारीक खिळे मारून लवचीक पट्टी बसवायची, पट्टीच्या कडेने सुरी किंवा करवतीचं टोक फिरवायचं आणि एक-दोन मिलिमीटर खोल चीर पाडायची. मग रंगारी लांब केसांच्या अरुंद ब्रशने त्या चिरेपर्यंत रंग आणत असे. ब्रशचा काठ चिरेत अडतो, त्यामुळे दर वर्षी रंग खरवडला तरी रेघ तिच्या जागी राहते. या पद्धतीत कौशल्य दोन ठिकाणी लागतं, रेघ शोधण्यात आणि हात स्थिर ठेवण्यात. टेपने यातलं दुसरंच काम सोपं केलं. पहिलं आजही करावंच लागतं. फळ्या-दोरीऐवजी पाणी भरलेली पारदर्शक नळी किंवा लेझर आली, एवढाच फरक.

१९२० च्या दशकात अमेरिकेत दोनरंगी मोटारींची चलती झाली. त्याच सुमारास नायट्रोसेल्युलोज लॅकर आलं. हा रंग फवाऱ्याने मारतात आणि तो भराभर वाळतो. एक रंग झाकून दुसरा मारायचा तर कामगार वर्तमानपत्रं खळीने चिकटवत किंवा दवाखान्यातली चिकटपट्टी लावत, आणि ते सोलताना खालचा नवा रंगही निघून येई. मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरात रिचर्ड ड्रू हा तरुण १९२१ पासून मिनेसोटा मायनिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग, म्हणजे आजच्या थ्रीएम कंपनीत होता. कंपनीचा पाण्यासोबत वापरायचा पॉलिश पेपर तपासायला तो मोटारींच्या रंगशाळांमध्ये जात असे. तिथली ही अडचण पाहून त्याने उपाय शोधायला घेतला. सुतारी सरसात ग्लिसरीन घालून त्याने सरस मऊ आणि सतत चिकट ठेवला, आणि तो क्रेप कागदावर चढवला. सुरुवातीच्या दोन इंची पट्टीला चिकट फक्त दोन्ही कडांना होता. ती गळून पडे, म्हणून पुढे पूर्ण पाठीला चिकट आला.

क्रेप कागदाची निवड हा या शोधाचा गाभा आहे, असं मी मानतो. ओला कागद रुळावरून पात्याने खरवडून काढला की त्याला बारीक चुण्या पडतात. ताणलं की त्या उघडतात, म्हणून टेप वळणावर बसते. पण याच चुण्यांमुळे काठाखाली सूक्ष्म नाल्या राहतात. फवाऱ्याने बारीक थेंबांत उडणारं, लगेच वाळणारं लॅकर त्यांत शिरायच्या आत घट्ट होतं. होडीचं वार्निश तसं नाही. जवस किंवा टंग तेलाचं वार्निश लाकडात मुरावं म्हणून पहिला हात निम्मं थिनर घालून देतात. हे पातळ द्रावण ब्रशने लावलं जातं, तासन् तास ओलं राहतं, आणि नाल्यांतून शांतपणे पलीकडे जातं. साध्या क्रेप टेपवर वार्निशची कड दातेरी येते ती बहुधा पहिल्या-दुसऱ्या हाताला. म्हणून पहिला हात टेपच्या दिशेने ढकलू नये. ब्रश काठाच्या रेषेत फिरवावा आणि कमी भिजवावा.

दुसरी अडचण उन्हाची. मोटार छपराखाली रंगवतात आणि टेप त्याच दिवशी निघते. होडीच्या वार्निशचे सहा-आठ हात होतात, प्रत्येकाला साधारण एक दिवस लागतो आणि काम उघड्यावर चालतं. नेहमीच्या मास्किंग टेपचा नैसर्गिक रबराचा चिकट ऊन-हवेत आधी लिबलिबीत आणि मग कडक होतो. कागद चिंध्या होऊन तुटतो, चिकट मागे राहतो. ही तक्रार घरांच्या खिडक्या रंगवणाऱ्यांचीही होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात निळी टेप बाजारात आली ती उन्हात टिकणारा चिकट घेऊन. बाहेरच्या कामासाठीची नेहमीची निळी टेप साधारण चौदा दिवस स्वच्छ निघते असं उत्पादक सांगतात. किनाऱ्यावरच्या कडक उन्हात त्याच्या निम्मेच दिवस धरावेत.

दरम्यान होडीही बदलली होती. १९५०-६० पासून फायबरग्लासचं अंग आलं. त्याच्यावरचा जेलकोट, म्हणजे राळेचा बाहेरचा थर, गुळगुळीत असल्यामुळे टेप छान बसते. पण कोरलेली चीर गेली, आणि साच्यातच रेघ उमटवलेली नसेल तर सगळा भार टेपवर आला. १९७० च्या दशकात दोन भाग मिसळून लावायचे पॉलियुरेथेन रंग नौकांवर पसरले. त्यातलं द्रावक कागदाच्या टेपचा काठ भिजवून फुगवतं. शिवाय हा रंग पुरता पिकला की काचेसारखा कडक होतो. तेव्हा टेप ओढली तर कड टवके उडून तुटते. रंग बोटाला चिकटेनासा झाला की, पण पूर्ण पिकायच्या आत, टेप काढावी लागते.

इथे प्लास्टिकची बारीक टेप कामाला आली. पॉलिप्रॉपिलीनची हिरवी टेप फारशी ताणत नाही, म्हणून लांब सरळ रेघेला चांगली. व्हिनाइलची ताणते, ती वळणाला. जाणकार तीन ते सहा मिलिमीटरची प्लास्टिक टेप काठाला लावतात आणि तिच्या मागे २४ किंवा ४८ मिलिमीटरची क्रेप टेप. रेघ पहिली देते, फटकारे दुसरी झेलते.

लावताना एक टोक चिकटवून दीड-दोन मीटर टेप हवेत धरावी, खुणांवर नजर ठेवून आपसूक पडेल तशी टेकवावी. फूटभर टेकवत गेलं की रेघ लाटांची होते. फार ताणली तर रात्रीतून आकसून वळणावर उचलते. पाणरेषेवर रंगवलेल्या पट्ट्याची रुंदी मोजपट्टीने मोजून पुढे-मागे सारखी ठेवणं ही नेहमीची चूक आहे. पट्टा उभ्या उंचीत सारखा दिसायला हवा. होडीचं अंग मागे जिथे पाण्याकडे आडवं होतं तिथे पृष्ठभागावरची रुंदी कितीतरी जास्त ठेवावी लागते, नाहीतर तो लांबून बारीक होत गेलेला दिसतो.

वार्निशच्या बाबतीत लाकूड आणि जेलकोट यांच्या सांध्यावर टेप लावू नये. ती एक-दीड मिलिमीटर जेलकोटकडे सरकवावी, म्हणजे वार्निश सांध्यावरून पलीकडे जाऊन तो बंद करतं. अगदी सांध्यावर संपलेल्या वार्निशखाली पाणी शिरतं आणि तिथूनच ते पांढरं पडून सुटू लागतं. दोन-तीन हातांनंतर टेप बदलावी. एकाच टेपवर आठ हात चढवले तर काठाला बांध तयार होतो आणि काढताना वार्निशची सालही सोबत येते.

कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या वर ओढलेल्या असतात आणि रंगकाम बरंचसं तेव्हाच, दमट हवेत उरकतं. एनॅमल वरून वाळल्यासारखं वाटतं, आत मऊ असतं. त्यावर दुसऱ्या रंगासाठी किंवा नोंदणी क्रमांकासाठी टेप लावायची तर कोरड्या हवेत पुरतात तेवढे एक-दोन दिवस पावसाळ्यात पुरत नाहीत. आठवडा द्यावा, आणि नख दाबून वण उठत नाही हे पाहावं. टेप लावण्याआधी दव आणि खार पुसून घ्यावा. काढताना ती स्वतःवर उलटी दुमडून, रंगापासून दूर, तिरकी आणि सावकाश ओढावी. चिकट राहिलाच तर टर्पेंटाइनचा बोळा फिरवावा. एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) थिनर वापरू नये, ते ताजं एनॅमल सुरकुतवून टाकतं.