डेटाबेस सर्व्हरमधील सुरक्षा त्रुटी

खातेदारांची नावे, शिल्लक, उसाचे वजन, परीक्षेचे गुण अशी माहिती एका जागी साठवून, मागेल त्याला त्याच्या अधिकारापुरती देणाऱ्या प्रोग्रामला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. या प्रोग्रामच्या लिखाणात राहून गेलेल्या चुकीमुळे अधिकार नसलेल्या माणसाला माहिती वाचता, बदलता किंवा सर्व्हरच ताब्यात घेता आला, तर ती चूक सुरक्षा त्रुटी ठरते. ओरॅकल, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, मोंगोडीबी आणि रेडिस हे सर्वाधिक वापरातले सर्व्हर आहेत. अशा त्रुटींपासून यांपैकी एकही सुटलेला नाही. ‘आमच्यात भगदाड पडूच शकत नाही’ अशा थाटाची जाहिरात ओरॅकलने २००१ च्या सुमारास केली होती. त्यानंतर त्याच सर्व्हरमध्ये संशोधकांनी त्रुटींमागून त्रुटी दाखवून दिल्या.

सर्व्हरमधली त्रुटी, त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधली त्रुटी आणि निव्वळ ढिसाळ मांडणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चोरी झाल्यावर मात्र तिन्हींवर ‘सर्व्हर हॅक झाला’ असा एकच शिक्का बसतो. गावात हेच ऐकू येते आणि वर्तमानपत्रातही हेच छापून येते. दुरुस्ती कोणी करायची हे या फरकावर ठरत असल्याने तो लक्षात ठेवावा लागतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि हलियाळ या सीमाभागात डेटाबेस सर्व्हर मोठ्या कंपन्यांपेक्षा पतसंस्था, सौहार्द सहकारी संस्था, साखर कारखाने, दवाखाने आणि कॉलेजे यांच्याकडे जास्त दिसतात. कर्नाटकातील अभियांत्रिकी शिक्षणाचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ पासून बेळगावातच असल्यामुळे हा विषय शिकलेल्या तरुणांचीही येथे वाण नाही. संस्थेतील नेहमीचे चित्र साधे असते. पिग्मी एजंट दिवसभर गल्लोगल्ली पैसे गोळा करतो, संध्याकाळी शाखेत येऊन हातातले मशीन संगणकाला जोडतो आणि दिवसाची वसुली डेटाबेसमध्ये उतरते. सर्व्हर म्हणजे बहुधा मॅनेजरच्या केबिनमधला, यूपीएसवर चालणारा एक संगणक. सॉफ्टवेअरवाला कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्याचा असतो. काही अडले की तो लांबूनच स्क्रीन हाती घेऊन दुरुस्ती करून देतो.

त्रुटी कशी दिसते

बहुतेक गाजलेल्या त्रुटी पासवर्ड तपासण्याआधी किंवा तपासताना होणाऱ्या चुका आहेत. समोरचा कोण हे ठरण्याआधीच सर्व्हरला त्याने पाठवलेला मजकूर वाचावा, मोजावा आणि समजून घ्यावा लागतो. घात नेमका तेथे होतो.

२५ जानेवारी २००३ रोजी पसरलेला ‘स्लॅमर’ हा एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम याचा सर्वांत ठळक नमुना आहे. एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये १४३४ क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून संगणकात येण्याचे क्रमांकित दार) एक छोटी सेवा चालत असे. या संगणकावर कोणकोणते डेटाबेस आहेत, एवढेच सांगणे हे तिचे काम. विचारणाऱ्याने पाठवलेले नाव ही सेवा मेमरीतल्या ठराविक आकाराच्या जागेत उतरवून घेई, पण ते किती लांब आहे हे मोजत नसे. लांबलचक नाव पाठवले की ते जागेबाहेर सांडून, पुढची सूचना कोठून घ्यायची हे सांगणाऱ्या पत्त्यावर लिहिले जाई आणि सर्व्हर त्या नावालाच सूचना मानून चालवू लागे. या सेवेला पासवर्ड लागत नव्हता. अख्खा स्लॅमर ३७६ बाइटांचा, म्हणजे पोस्टकार्डावर मावेल एवढा होता. सुरुवातीला बाधित यंत्रांची संख्या साधारण साडेआठ सेकंदांत दुप्पट होत होती. दहा मिनिटांत जगातील बहुतेक दुबळे सर्व्हर बाधित झाले, त्यांची संख्या किमान ७५ हजार होती. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची हजारो एटीएम बंद पडली. त्रुटी झाकणारा पॅच जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी निघालेला होता.

२०१२ मध्ये मायएसक्यूएलमध्ये सापडलेली त्रुटी (सीव्हीई-२०१२-२१२२; सीव्हीई हा जाहीर त्रुटींना दिला जाणारा नोंदणी क्रमांक) याहून सूक्ष्म होती. दिलेला पासवर्ड आणि साठवलेला पासवर्ड यांच्या सांकेतिक रूपांची तुलना करणारे फंक्शन दोन्ही जुळले तर शून्य आणि न जुळल्यास दुसरा कोणताही आकडा परत देते. मायएसक्यूएलने तो आकडा एका बाइटात कोंबला. एका बाइटात २५६ च किमती मावतात, म्हणून २५६ हा आकडा आला तर त्याचे शून्य होई आणि चुकीचा पासवर्ड बरोबर ठरे. काही विशिष्ट रीतीने बांधलेल्या प्रतींमध्ये हे सरासरी २५६ पैकी एका वेळेस घडे. म्हणजे मुख्य वापरकर्त्याचे नाव घेऊन वाटेल तो पासवर्ड काहीशे वेळा टाकत राहिले की आत प्रवेश मिळे, आणि संगणकाला तेवढे प्रयत्न करायला सेकंदभरही लागत नाही. पासवर्ड कितीही अवघड ठेवला असता तरी येथे उपयोग नव्हता.

४ एप्रिल २०१३ रोजी पोस्टग्रेएसक्यूएलने झाकलेल्या त्रुटीत डेटाबेसचे नाव आडव्या रेघेने सुरू केले की सर्व्हर त्या नावाला सूचना समजे आणि त्यातून डेटाबेसच्या फायली खराब करता येत. पॅच बाहेर पडण्याआधी कोणी त्रुटी हेरू नये म्हणून प्रकल्पाने आपला खुला कोडसाठा काही दिवस लोकांसाठी बंद ठेवला होता. रेडिसमधील ऑक्टोबर २०२५ ची त्रुटी सुमारे तेरा वर्षे कोडमध्ये पडून होती. तिला गांभीर्याच्या मापनात दहापैकी दहा गुण मिळाले. ती वापरण्यासाठी आधी आत प्रवेश लागतो, पण रेडिस पासवर्डाविना चालवण्याची सवय इतकी रुळलेली आहे की ही अट पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहते.

जानेवारी २०१७ मध्ये हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून त्यांच्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवण्यात आली. या प्रकरणात कोडची चूक शोधावीच लागली नाही. जुन्या आवृत्त्या आपणहून सगळ्या जगासाठी दार उघडे ठेवीत आणि पासवर्ड मागत नसत.

दोन लिप्यांचा मजकूर

सीमाभागात एकाच माणसाचे नाव पहाणी उताऱ्यावर कन्नडमध्ये, संस्थेच्या पासबुकावर मराठीत आणि आधार कार्डावर इंग्रजीतही असते. त्यामुळे येथल्या डेटाबेसमध्ये तिन्ही लिप्या शेजारी शेजारी नांदतात. मजकूर नेमका कोठे संपतो, हे ठरवण्यात होणाऱ्या चुकांना म्हणूनच येथे विशेष महत्त्व आहे.

यूटीएफ-८ या, मजकूर बाइटांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘बेळगाव’ या शब्दात काना-मात्रा धरून सहा चिन्हे, म्हणून १८ बाइट. कन्नडमधील ‘बेळगावि’ ला शेवटच्या वेलांटीसह २१ बाइट लागतात. दोन्ही लिप्यांत प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो. ‘हे तीन बाइटांचे चिन्ह आहे, आणखी दोन येत आहेत’ असा त्याचा निरोप. ते दोन नेहमी १२८ ते १९१ यांच्या दरम्यान असावे लागतात. आता कोणी मुद्दाम २२४ नंतर थेट ३९, म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह पाठवले तर काय होईल? डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे याच चिन्हाने दाखवतात. नुसत्या पहिल्या बाइटावर विश्वास ठेवणारा प्रोग्राम त्या अवतरणचिन्हाला अक्षराचाच भाग समजून सोडून देतो. पुढचा प्रोग्राम मात्र त्याला अवतरणचिन्ह म्हणूनच वाचतो. मजकूर तेथेच संपतो आणि नंतरची अक्षरे आज्ञा बनतात.

पोस्टग्रेएसक्यूएलने २००६ मध्ये या जातीच्या त्रुटी झाकल्या आणि अवैध बाइट सरसकट नाकारायला सुरुवात केली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच घराण्यातली आणखी एक त्रुटी (सीव्हीई-२०२५-१०९४) जाहीर झाली. ती सापडली लांबून संगणक हाताळण्याच्या एका सॉफ्टवेअरवरील हल्ल्याचे तंत्र तपासताना. लांबूनच दुरुस्ती करून घेणाऱ्या संस्थांनी हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे.

जुना मजकूर हा यातला नाजूक भाग. युनिकोड ही सर्व लिप्यांच्या चिन्हांना ठराविक क्रमांक देणारी पद्धत रुळण्याआधी मराठीसाठी श्रीलिपी आणि आयएसएम, तर कन्नडसाठी नुडी आणि बरह चालत. त्या फाँटांतली खाती युनिकोडमध्ये आणताना तुटके बाइट उरले की सर्व्हर ती ओळ नाकारतो. अशा वेळी वर्षअखेर अडू नये म्हणून तपासणीच सैल करून टाकण्याचा मोह होतो. मायएसक्यूएलची सैल पद्धत चुकीचा मजकूर नाकारत नाही, जेथे चूक दिसेल तेथे तो कापून पुढे जाते. त्याच सर्व्हरमधला ‘यूटीएफ८’ हा जुना प्रकार फक्त तीन बाइटांपर्यंतची चिन्हे घेतो. देवनागरी आणि कन्नड त्यात मावतात, इमोजी मावत नाहीत. मोडीही मावत नाही, कारण २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या मोडीच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. या भागातले जुने दस्त मोडीत आहेत, तेव्हा ते मजकूररूपात साठवू पाहणाऱ्याला ही गोष्ट आधी माहीत असलेली बरी. मजकूर असा मधेच कापला जातो याचाच फायदा घेऊन वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या संकेतस्थळांवर घातक कोड घुसवता येत होता. ते भगदाड एप्रिल २०१५ मध्ये बुजवण्यात आले.

याच्या शेजारचा आणि फार जास्त आढळणारा प्रकार म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन, अर्थात मजकुराच्या रकान्यातून डेटाबेसला आज्ञा घुसवणे. खानापूर आणि बेळगाव कॅम्पातल्या डिसोझा कुटुंबाचे आडनाव इंग्रजीत लिहिताना मध्ये अवतरणचिन्ह येते. ते टाकताच पावती अडत असेल, तर तेथूनच परक्याची आज्ञाही आत जाऊ शकते. हा दोष सर्व्हरचा नसून वरच्या सॉफ्टवेअरचा असतो. आज्ञा आणि मजकूर सर्व्हरला वेगवेगळे पाठवणे हा त्यावरचा उपाय गेली कित्येक वर्षे उपलब्ध आहे.

पॅच आणि हंगाम

ओरॅकल आपले सुरक्षा पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत काढते, मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, तर पोस्टग्रेएसक्यूएल साधारण दर तीन महिन्यांनी. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर पट्ट्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन हिवाळ्यात चालतो. वजनकाट्यावर गाड्यांची रांग रात्रंदिवस असते, आणि काट्याचा डेटाबेस अर्धा तास बंद ठेवायचा म्हणजे रांग हमरस्त्यापर्यंत जाते. जानेवारीचा पॅच म्हणून बहुधा हंगाम संपेपर्यंत थांबतो. हे अडाणीपणाचे लक्षण मानणे अन्यायाचे होईल. एवढ्या काळात निदान सर्व्हरचे पोर्ट (एसक्यूएल सर्व्हरचे १४३३, मायएसक्यूएलचे ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलचे ५४३२) बाहेरच्या इंटरनेटला दिसणार नाहीत, एवढी तजवीज सर्व्हर बंद न करताही करता येते.

पॅच मिळणेच थांबलेल्या आवृत्त्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. एसक्यूएल सर्व्हर २०१२ ची नेहमीची दुरुस्ती १२ जुलै २०२२ रोजी, २०१४ ची ९ जुलै २०२४ रोजी आणि मायएसक्यूएल ५.७ ची ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. सॉफ्टवेअरवाल्याचा प्रोग्राम नव्या आवृत्तीवर चालत नसेल तर संस्थेच्या हाती काही उरत नाही. वार्षिक करारात छपाईच्या कागदाचा खर्चसुद्धा लिहिलेला असतो, पण सर्व्हरची आवृत्ती कोणी आणि कधी बदलायची याचे कलम क्वचितच सापडते.

कायदा

भारतात सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था २००४ पासून त्रुटींच्या सूचना काढते. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी कार्यालयांना सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, तसेच लॉग, म्हणजे संगणकावर काय काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी श्रेणीवार सायबर सुरक्षा चौकट घालून दिली. पतसंस्था आणि कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द कायद्याखालील पतपुरवठा संस्था बँक नसल्याने त्या चौकटीबाहेर राहतात. एकाच पेठेत शेजारी शेजारी असलेल्या नागरी बँकेला आणि सौहार्द संस्थेला, दोघांचे सॉफ्टवेअर एकाच विक्रेत्याचे असले तरीही, सर्व्हरबाबत वेगवेगळे नियम लागू होतात.