सरकारी हरित खरेदी आणि राखेची वीट

सरकारी हरित खरेदी म्हणजे सरकारने स्वतःच्या बांधकामाला माल घेताना नुसता रेट न बघता तो माल कशापासून बनलाय, बनताना काय जळलं, हेही बघायचं आणि तसं टेंडरमध्ये लिहायचं. शाळा, दवाखाने, क्वार्टर्स, रस्ते, पूल, एवढं बांधणारं दुसरं गिऱ्हाईक देशात नाही, म्हणून हे गिऱ्हाईक काय मागतं त्यावर कारखान्यात काय बनणार ते बऱ्याच अंशी ठरतं. भारतात याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे फ्लाय अ‍ॅशची, म्हणजे राखेची वीट.

आपल्या दगडी कोळशात साधारण 30 ते 45 टक्के राख असते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ, जिथे औष्णिक वीज केंद्र तिथे राखेचं तळं आलंच, आणि उन्हाळ्यात वारा सुटला की ती राख वाळत घातलेल्या कपड्यांवर, पिकांवर, घरात सगळीकडे. दुसरीकडे वीटभट्ट्या शेतातली वरची चांगली माती खणून भाजत होत्या. या दोन्हींवर एकच उपाय म्हणून केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने 14 सप्टेंबर 1999 ला अधिसूचना काढली: वीज केंद्रापासून 50 किमीच्या आतल्या भट्टीवाल्यांनी मातीत वजनाने किमान 25 टक्के राख मिसळायची. भट्टीवाल्यांवर नुसती सक्ती करून हे फारसं रुजलं नाही, छोट्या भट्टीवर चिखल हाताने मळतात तिथे राख आणायची कोणी, मोजायची कोणी.

खरा फरक पडला तो घेणाऱ्याला बांधल्यावर. 2003 च्या दुरुस्तीत अंतर 100 किमी झालं आणि त्या पट्ट्यात बांधकाम करणाऱ्या एजन्सींनीच, सरकारी असो की खाजगी, राखेचा माल टप्प्याटप्प्याने वाढवत वापरायचा असं आलं. सार्वजनिक बांधकाम खात्यांनी आपल्या दरसूचीत आणि टेंडरात राखेचा माल घालायचा हे तर अधिसूचनेतच होतं, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ही दरसूची म्हणजे डीएसआर, कुठल्या मालाला काय दर धरायचा ते सांगणारं सरकारी पुस्तक; बाहेरच्या माणसाला ते कंटाळवाणं वाटतं, पण ज्या वस्तूची डीएसआरमध्ये ओळ नाही तिचं एस्टिमेट करायचं तर वेगळं रेट अ‍ॅनालिसिस लावा, वरून मंजुरी आणा, उद्या ऑडिटला उत्तर द्या, कुठला ज्युनियर इंजिनीयर हे अंगावर घेईल? ओळ आली की तीच वीट एका दिवसात नेहमीचा माल होते.

मागणी पक्की दिसल्यावर माल बदलायला लागला. विशाखापट्टणममध्ये भानुमतीदास आणि कालिदास यांनी राख, चुना आणि जिप्सम यांची फाल-जी नावाची पद्धत विकसित केली होती, तिच्यात भट्टी नाहीच, वीट दाबून काढायची आणि पाणी मारून पिकवायची. म्हणजे माती वाचली आणि भाजायचा कोळसाही वाचला. चुन्याऐवजी सिमेंट, वाळूऐवजी क्रशरची चुरी, हाताच्या साच्याऐवजी हायड्रॉलिक प्रेस असं करत गावोगाव प्लांट उभे राहिले. साइटवर सुरुवातीला कुरबूर झाली, गवंडी म्हणायचे वीट गुळगुळीत आहे, प्लास्टर धरत नाही, भेगा जातात. पण कडा सरळ असल्याने गिलावा पातळ चालतो हेही लोकांना हळूहळू कळलं. तपासणी आजही तशीच, दोन विटा एकमेकींवर आपटून टणटण आवाज ऐकायचा, मग 24 तास पाण्यात बुडवून वजन किती वाढलं ते बघायचं.

नियमात जो आकडा लिहिता तोच आकडा कारखाना गाठतो, त्याच्या पुढे जात नाही. 2009 च्या दुरुस्तीत माती नसलेल्या विटा-ठोकळ्यांना वजनाने किमान 50 टक्के राख आणि मातीच्या मालाला 25 टक्के असं ठरलं, मग मिक्सही त्याच आकड्याभोवती जुळवले गेले. उरलेल्या निम्म्यात सिमेंट किती घातलं हे ती टक्केवारी विचारत नाही, आणि सिमेंट बनवताना कार्बन निघतो तो हिशोबात येतच नाही. ही मला मोठी उणीव वाटते.

अमेरिकेतही सुरुवात राखेपासूनच झाली, 1976 च्या कचरा कायद्याखाली तिथल्या पर्यावरण संस्थेने खरेदीची पहिली मार्गदर्शिका काढली ती 1983 मध्ये, राख घातलेल्या सिमेंट-काँक्रीटसाठी. पण कॅलिफोर्नियाने 2017 च्या कायद्यात घटक विचारणं सोडून परिणाम विचारला: राज्याच्या कामाला लागणारं स्ट्रक्चरल स्टील, सळई, सपाट काच आणि मिनरल वूल (उष्णता अडवणारं आवरण) यांच्या उत्पादनात किती कार्बन निघाला ते जाहीर करा, ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर माल चालणार नाही. तिथे मर्यादेत कसं बसायचं, भट्टी बदलून की भंगार वितळवून, हे कारखान्यावर सोडलंय.

आपल्याकडे 2016 मध्ये अंतर 300 किमी झालं, 100 किमीपर्यंतचा वाहतूक खर्च वीज केंद्राने सोसायचा आणि पुढचा केंद्राने आणि राख घेणाऱ्याने अर्धा-अर्धा, त्यामुळे राख लांबच्या प्लांटलाही परवडायला लागली. 31 डिसेंबर 2021 च्या नव्या अधिसूचनेत न वापरलेल्या राखेमागे टनाला 1000 रुपये भरपाई लावली.