कंट्रोल पॅनल ते सेटिंग्ज: दोन लिप्यांच्या सीमाभागातून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या डीटीपीच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानात एकाच संगणकावर तीन भाषा चालतात. लग्नपत्रिका आणि मंडळांची पत्रकं मराठीत, तहसीलचे अर्ज कन्नडात, बँकेचं काम इंग्रजीत. 2000 च्या सुमारास जमिनीचे उतारे संगणकावर आले, तेही कन्नडातच. त्यामुळे विंडोजमध्ये आधीपासूनच असलेल्या सोयींपैकी इथं सर्वांत जास्त गरज पडली ती भाषेच्या खिडकीची. कंट्रोल पॅनलचा, म्हणजे संगणकाची सेटिंग्ज बदलायच्या जागेचा, इतिहास सीमाभागातून बघायचा तर तीच मध्यभागी येते.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. 1984 च्या मॅकमध्ये आणि 1985 च्या पहिल्या विंडोजमध्येही कंट्रोल पॅनल होतं. माउसचा वेग, रंग, तारीख-वेळ असल्या मोजक्या गोष्टी त्यातून बदलता येत. बाकीचं आयएनआय फायली, म्हणजे सेटिंग्ज साठवणाऱ्या साध्या मजकुराच्या फायली, उघडून हातानं लिहायचं. 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये ट्रूटाइप, म्हणजे लहान-मोठ्या कोणत्याही आकारात नीट दिसणारे, फॉण्ट आले आणि ते बसवायची जागा कंट्रोल पॅनलमध्येच होती. आपल्याकडचं डीटीपी या फॉण्टवरच वाढलं. सेटिंग्ज एकत्र साठवणारी रजिस्ट्री आणि जोडलेली उपकरणं दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर घरोघरी पोचले ते विंडोज 95 पासून.

त्या काळातले देवनागरी आणि कन्नड फॉण्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले आकार. मराठीला श्रीलिपी, कन्नडाला बरहा किंवा नुडी. समोरचा मजकूर मराठी आहे हे संगणकाला ठाऊकच नसायचं. फाइल दुसऱ्या दुकानात नेली आणि तिथं तो फॉण्ट नसला, की पानभर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसायचा.

विंडोज 2000 मध्ये देवनागरी आणि तमिळ युनिकोडात, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आली, पण कन्नड नाही. मुंबई-पुण्याचं काम त्यात भागलं, बेळगावचं भागलं नाही. 2001 च्या विंडोज एक्सपीमध्ये कन्नडाचा तुंगा हा फॉण्ट आला आणि घरगुती विंडोजमध्ये दोन्ही लिप्या पहिल्यांदा शेजारी बसल्या. पण त्या झाकलेल्या होत्या. कंट्रोल पॅनलमध्ये रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, त्यात लँग्वेजेस, तिथं गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी एक चौकट. तिच्यात बरोबरची खूण करायची, विंडोजची सीडी घालायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. हे केलं नाही तर जोडाक्षरं फुटायची आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडायची. हा सगळा खटाटोप जेमतेम 10 एमबी जागेचा. असेंबल केलेल्या पीसीबरोबर सीडी मिळतेच असं नव्हतं, त्यामुळे ‘संगणकावर मराठी येत नाही’ हा समज इथं कितीतरी वर्षं टिकला. ही सोय आधीपासून चालू ठेवायला हवी होती. 2007 च्या विंडोज व्हिस्टामध्ये ती चालू झाली, पण सवयी तोवर घट्ट झाल्या होत्या.

याच खिडकीतली दुसरी देणगी इन्स्क्रिप्ट कीबोर्डची. भारतीय लिप्यांत एकाच उच्चाराचं अक्षर एकाच कळेवर, हे त्याचं तत्त्व. मराठीत ‘क’ ज्या कळेवर, कन्नडातला ‘क’ही तिथंच. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला कन्नड टाइप करताना मुख्यतः ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ नव्यानं शिकावे लागतात. सीमाभागाला याहून उपयोगी सोय विंडोजमध्ये दुसरी नव्हती. पण टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना हवी असलेली रेमिंग्टन मांडणी विंडोजमध्ये मराठीसाठी दिलेली नव्हती, आणि कन्नडाकडे नुडीची वेगळी मांडणी रुजली होती. त्यामुळे इन्स्क्रिप्ट मागेच राहिला.

वाद झाला तो 2012 नंतर. विंडोज 8 मध्ये बोटानं चालवायच्या पडद्यासाठी कंट्रोल पॅनलच्या शेजारी सेटिंग्जचं नवं पान आलं, 2015 च्या विंडोज 10 मध्ये ते वाढलं आणि एका घराला दोन दारं झाली. बदलामागची कारणं खोटी नव्हती. जुन्या खिडक्या ठरलेल्या आकाराच्या, बोटाला न सापडणाऱ्या. आणि कोणताही प्रोग्रॅम कंट्रोल पॅनलमध्ये आपलं चिन्ह घुसवू शकायचा. नवं पान हवंच होतं.

पण बदल एकदाच करून संपवायचा असतो, आणि इथं तसं झालं नाही. 2012 मध्ये भाषेचं पान रीजनपासून वेगळं झालं. 2015 पासून ते दोन्हीकडे सापडू लागलं. 2018 मध्ये ते कंट्रोल पॅनलमधून काढलं गेलं, आणि 2021 च्या विंडोज 11 मध्ये भाषा आणि प्रदेश पुन्हा एकाच पानावर आले. टायपिंग इन्स्टिट्यूटमधली पोरं हा रस्ता वहीत लिहून पाठ करतात. वही दर दोन-तीन वर्षांनी खोटी ठरत गेली, तर शिकवणाऱ्यानं काय शिकवायचं? इंग्रजीतच काम करणाऱ्याला या पानाकडे फारसं जावं लागत नाही. ज्याला रोज दोन लिप्या लागतात त्याच्यावर या अर्धवटपणाचा भार पडला, आणि निर्णय घेताना तो कुणी मोजला असं दिसत नाही.

2019 मध्ये मराठी आणि कन्नडासह 10 भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड विंडोज 10 मध्येच आले. इंग्रजी अक्षरांत namaskar असं टाइप केलं, की ‘नमस्कार’ उमटतं. नव्या पोरांना ते सोपं पडलं.

2024 च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर कंट्रोल पॅनल बाद होत असल्याचं वाक्य आलं, बातम्या झाल्या, आणि मग ते वाक्य सौम्य करून ‘अनेक सेटिंग्ज हलवली जात आहेत’ एवढंच ठेवलं गेलं.

सेटिंग्जमधून प्रशासकीय भाषा सेटिंग्जवर गेलं तर उघडते ती मात्र कंट्रोल पॅनलचीच जुनी खिडकी. युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रॅमची भाषा तिथंच ठरते, आणि सगळीकडे यूटीएफ-8, म्हणजे युनिकोड साठवण्याची एक पद्धत, वापरण्याची चौकटही तिथं आहे. ती निवडली, की युनिकोडपूर्व प्रोग्रॅममधली अक्षरं बिघडू शकतात. ज्या दुकानात श्रीलिपीतल्या जुन्या पत्रिका आणि नुडीतले जुने अर्ज अजून उघडावे लागतात, तिथं ती चौकट रिकामीच ठेवावी.